नव्यानं घडवलेली जुनी रिव्हॉल्व्हरं: बार काढायचा की पेटीत ठेवायची?

प्रश्न थोडक्यात असा: डॅलसजवळ राहणाऱ्या एका मराठी वाचकानं शेजारच्या घरातल्या इस्टेट सेलमध्ये दोन कॅप-अँड-बॉल रिव्हॉल्व्हरं घेतली, म्हणजे काडतुसाऐवजी दारू, शिशाची गोळी आणि ठिणगी देणारी टोपी वेगवेगळी भरावी लागते अशी. एक कोल्टचा शिक्का असलेली ‘१८५१ नेव्ही’ मॉडेलची, मूळ खोक्यात, कागदपत्रांसह, आधीच्या मालकाच्या मुलाच्या म्हणण्यानुसार एकदाही न उडवलेली. दुसरी इटलीच्या उबेर्ती कंपनीची ‘१८६० आर्मी’ मॉडेलची, चांगली वापरलेली. दोन्ही रेंजवर न्यावीत का? जपून ठेवली तर किंमत वाढेल का? आणि काही वर्षांनी पुण्याला परत जाताना सोबत नेता येतील का?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. आर्मी बिनधास्त चालवा. नेव्हीला मात्र सध्या हात लावू नका, आणि हे वाचून होईपर्यंत तिचा घोडा मागे ओढून ‘टक-टक’ आवाज ऐकण्याचा मोह आवरा. घोडा ओढला की सिलिंडर (बार भरायचे खण असलेला गोल भाग) फिरतो, आणि त्याला जागेवर धरणारा छोटा खटका त्याच्या अंगावरून घासत जातो. दहा-वीस वेळा असं झालं की निळसर झिलईवर गोल रेघ उमटते. संग्राहक सगळ्यात आधी तीच रेघ शोधतो. ‘न उडवलेलं’ आणि ‘न फिरवलेलं’ यांच्या भावात फरक असतो, आणि ती रेघ पुसता येत नाही. नेव्हीच्या सिलिंडरवर तर समुद्री लढाईचं चित्र दाबून उठवलेलं असतं: मे १८४३ मध्ये कांपेचेजवळ टेक्सासचं आरमार मेक्सिकोच्या जहाजांशी लढलं तो प्रसंग. तुम्ही टेक्सासमध्येच आहात, तेव्हा चित्र जरूर बघा, पण भिंगातून, सिलिंडर न फिरवता.

एकाच पद्धतीच्या दोन वस्तूंना दोन न्याय का, ते समजायला ही रिव्हॉल्व्हरं मुळात पुन्हा का घडवली गेली ते बघावं लागतं. अस्सल १८५१ नेव्ही कोल्टनं १८५० ते १८७३ या काळात हार्टफर्डच्या कारखान्यात दोन लाखांहून जास्त बनवल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या अमेरिकेत जागोजागी मिळायच्या आणि लोक त्या सर्रास उडवायचे. १९३३ मध्ये ठासणीच्या बंदुकांची राष्ट्रीय संघटना निघाली, १९५० मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या शस्त्रांनी नेमबाजीच्या स्पर्धा घेणारी नॉर्थ-साउथ स्कर्मिश असोसिएशन निघाली. अस्सल शस्त्रांच्या स्प्रिंगा मोडू लागल्या, नळ्या गंजून खराब झाल्या. त्यातच १९६१ मध्ये यादवी युद्धाची शताब्दी येत होती. न्यू जर्सीचे व्हॅल फोर्जेट यांनी हे ओळखलं. १९५०च्या दशकाच्या शेवटी ते इटलीत गार्दोने व्हाल त्रोंपिया या गावी गेले. ब्रेशा प्रांतातल्या त्या दरीत पिढ्यान् पिढ्या बंदुकाच घडवल्या जातात. बेरेटा ही बंदुकांची कंपनी तिथं १५२६ पासून आहे. आल्दो उबेर्ती त्याच गावचे कारागीर. तिथून १८५१ नेव्हीच्या प्रतिकृती अमेरिकेत यायला लागल्या आणि फोर्जेट यांच्या कंपनीचं नावच नेव्ही आर्म्स.

म्हणजे प्रतिकृतीचा जन्मच मुळी उडवण्यासाठी झाला. अस्सल शस्त्र जपता यावं म्हणून ही घडवली. मग उबेर्ती किंवा पिएत्ता या इटालियन कंपन्यांची साधी प्रतिकृती काचेच्या कपाटात ठेवून तिची किंमत वाढायची वाट बघण्यात काही अर्थ नाही. तीच वस्तू आजही कॅटलॉगमध्ये नवी मिळते. नवी मिळत असताना जुन्या वापरलेल्या आर्मीला जास्त पैसे कोण देईल? तिची खरी किंमत ती किती नीट चालते यात आहे, आणि नीट चालवली तर ती तुम्हाला आणि तुमच्यानंतर दुसऱ्या कुणाला पुरून उरेल.

कोल्टचा शिक्का असलेली नेव्ही वेगळी पडते ती इथं. १९७१ मध्ये कोल्टनं स्वतःच ही जुनी रिव्हॉल्व्हरं पुन्हा बाजारात आणली. कच्चे ओतीव भाग इटलीतून यायचे. घासकाम, जुळणी आणि झिलई अमेरिकेत व्हायची. १९८२ पर्यंत हे चाललं. या मालिकेला संग्राहक ‘सेकंड जनरेशन’ म्हणतात. पुढे १९९४ ते २००२ या काळात ब्रुकलिनच्या एका कंपनीनं कोल्टच्या परवान्यानं ‘सिग्नेचर सीरीज’ काढली. तिच्या मुठीमागच्या पट्टीवर सॅम्युएल कोल्टची सही कोरलेली असते. संग्राहकांमध्ये या सिग्नेचर सीरीजला सेकंड जनरेशनइतका मान नाही, आणि यावर त्यांचे वाद रात्रभर चालू शकतात. माझ्या मते हातात घेतल्यावर सही असलेली बरीच पिस्तुलं जुळणीत काही कमी नसतात, पण बाजार हातापेक्षा शिक्क्याकडे बघतो. तुमच्या नेव्हीच्या पट्टीवर सही नसेल आणि खोक्यावरचा नंबर पिस्तुलावरच्या नंबराशी जुळत असेल, तर ती बहुधा सेकंड जनरेशनची. नंबर जुळतो का ते आजच बघा. खोकं एकाचं आणि पिस्तूल दुसऱ्याचं, असे जोड लावून विकणारे महाभाग सगळीकडे आहेत.

‘एकदाही न उडवलेली’ हे शेजाऱ्याच्या मुलाचं म्हणणं आहे. ते खरं असेलही, पण तपासा. सिलिंडर न फिरवता जेवढं दिसतं तेवढं पुरतं. सिलिंडरच्या तोंडाशी शिशाची चकाकी आहे का? शिशाची गोळी ठासताना कडेनं सोलली जाते आणि तिचा अंश तिथं राहतो. निपलांच्या (टोप्या बसवायच्या छोट्या नळ्यांच्या) टोकांवर घोड्याच्या आघाताचे ठसे आहेत का? निपलांमागच्या पोलादी पाठीवर टोप्या फुटून पडलेले राखाडी डाग आहेत का? बारीक टॉर्च घेऊन बघा. यातलं काहीही दिसलं तर तुमची अडचण सुटली: ती उडवलेली आहे, संग्राहकाचा जास्तीचा भाव आधीच गेलेला आहे, आता तुम्हीही उडवा. काहीच दिसलं नाही तर ती होती तशीच परत खोक्यात.

आता गुंतवणुकीबद्दल. मी कुणालाही प्रतिकृती-पिस्तुलं गुंतवणूक म्हणून घ्यायला सांगत नाही, कोल्टची नेव्हीसुद्धा. १९६१ पासून कोल्टनं ‘स्मारक आवृत्त्या’ काढायला सुरुवात केली, आणि पुढच्या दोन दशकांत राज्यांच्या, शहरांच्या, सेनापतींच्या नावानं इतक्या निघाल्या की कुठल्या कशासाठी ते सांगणं कठीण. १९७१ च्या नेव्हींमध्येही यादवी युद्धातले सेनापती जनरल ग्रँट आणि जनरल ली यांच्या नावाच्या जोड्या होत्या. घेणाऱ्यानं ती मखमली पेटी उघडलीही नाही, कारण उघडली की भाव उतरेल अशी भीती. पण सगळ्यांनीच जपून ठेवलं तर दुर्मीळ काय उरलं? ज्या वस्तू वापरल्या गेल्या, मोडल्या, हरवल्या, त्यांतलं जे वाचलं ते दुर्मीळ होतं. अस्सल १८५१ नेव्ही महाग आहे ती त्यामुळे. तुमची सेकंड जनरेशनची नेव्ही स्मारक आवृत्तीपेक्षा बरी, कारण ती मुळात वापरण्यासाठी विकली गेली आणि बऱ्याच जणांनी खरोखर वापरली. म्हणून कोरी वस्तू कोरीच राहिली तर तिला गिऱ्हाईक मिळतं. तरीही लिलावाचं कमिशन, पाठवण्याचा खर्च आणि इतक्या वर्षांची महागाई वजा केली की हाती फारसं लागत नाही. ती आवडते म्हणून ठेवायची असेल तर अवश्य ठेवा.

जपायची तर कशी, हे दोन-तीन ओळींत. कातडी म्यानात कधीच ठेवू नका. कमावलेल्या कातड्यातली आम्लं आणि ओल झिलई खातात. फोमच्या पेटीतही नको, फोम दमटपणा धरून ठेवतो. सुती हातमोजे घालून हाताळा आणि वस्तुसंग्रहालयांत वापरतात ते रेनेसाँ वॅक्स पातळ लावा. फ्रेमच्या पोलादावर कडक करताना उमटलेले रंगीत ढग सूर्यप्रकाशात फिके पडतात, तेव्हा खिडकीसमोर मांडायची हौस नको. बाहेरचं पुठ्ठ्याचं वेष्टन, पुस्तिका, किंमतीची चिठ्ठी, काहीही फेकू नका.

आर्मीकडे वळू, कारण खरी मजा तिच्यात आहे.

आधी तिच्या नळीवर आणि फ्रेमवर उठवलेले शिक्के वाचा. इटलीत बनलेली प्रत्येक प्रतिकृती गार्दोनेच्या सरकारी प्रूफ हाऊसमध्ये जास्त दारू भरून उडवून तपासली जाते. ‘पीएन’ हा शिक्का काळ्या दारूसाठी तपासल्याचा. शेजारी छोट्या चौकटीत दोन अक्षरं असतात, ती वर्षाची: १९७५ साठी ‘एए’, १९७६ साठी ‘एबी’, असं पुढे. म्हणजे इस्टेट सेलमधल्या आर्मीचं वय तुम्ही घरबसल्या काढू शकता. हेच शिक्के घासून काढून, आम्ल लावून, गंज चढवून प्रतिकृती अस्सल म्हणून खपवणारे लोक आहेत, एवढं लक्षात ठेवा. आणि कधी भारतात घडवलेल्या, गारगोटीच्या ठिणगीवर उडणाऱ्या पिस्तुलाची किंवा ब्राउन बेस या जुन्या ब्रिटिश फौजी मस्केटची जाहिरात दिसली, तर देशप्रेमानं घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच वस्तू कानाचं भोक (ठिणगी आत शिरायचं छिद्र) न पाडता, शोभेची म्हणून विकल्या जातात आणि घेणारा घरी ड्रिल मारतो. त्यांची प्रूफ झालेली नसते. भिंतीवर छान दिसतात. तिथंच राहू द्या.

उबेर्तीच्या या घडणीत एक जुनी खोड आहे, ती चालवण्याआधी तपासाच. कोल्टच्या जुन्या रिव्हॉल्व्हरांना सिलिंडरच्या वरून फ्रेमची पट्टी नसते; नळी एका आडव्या पाचरीनं मधल्या जाड आसाला जोडलेली असते. कोल्टच्या मूळ घडणीत तो आस नळीतल्या भोकाच्या तळाला टेकतो. उबेर्तीच्या बऱ्याच पिस्तुलांत तो थोडा आखूड पडतो. मग पाचर जितकी आत ठोकाल तितकी नळी मागे झुकते, नळी आणि सिलिंडरमधली फट बदलत राहते, कधी सिलिंडर फिरेनासाच होतो. प्रत्येक वेळी पाचर वेगळ्या खोलीवर बसते म्हणून नेम वेगळा लागतो, आणि माणूस दारूला दोष देत बसतो. आसाच्या टोकाशी मापाची पोलादी चकती बसवून हे कायमचं सुटतं. जवळपास काळ्या दारूचं काम जाणणारा गनस्मिथ असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या.

भरण्याबाबत. काळी दारू किंवा तिचा मान्यताप्राप्त पर्याय, एवढंच. बिनधुराची आधुनिक दारू थोडीशीही नाही. सिलिंडर फुटतो आणि बोटं जातात. ०.४४ इंची आर्मीला तीन-एफ दर्जाची (बारीक दाण्याची) २५ ग्रेन दारू सुरुवातीला भरपूर झाली. ३० पर्यंत जाता येतं, पण नेम कमी दारूवर चांगला लागतो. माप आकारमानानं घ्या, आणि डब्यातून थेट सिलिंडरमध्ये दारू ओतू नका. गोळी शुद्ध मऊ शिशाची, ०.४५४ इंचाची. ठासताना कडेनं शिशाची पूर्ण बांगडी सोलून निघाली पाहिजे. निघाली नाही तर गोळी सैल आहे, आणि शेजारच्या खणाला आग पोचण्याची एक वाट तिथून जाते. दुसरी वाट मागून, सैल बसलेल्या टोपीमधून. एका बारात दोन-तीन खण एकदम उडणं हा या रिव्हॉल्व्हरांचा बदनाम प्रकार. निपलवर घट्ट बसणाऱ्या योग्य मापाच्या टोप्या आणि घट्ट गोळी या दोन गोष्टी पाळल्या तर तो टळतो. टोप्या सगळ्यात शेवटी, रेंजच्या रेषेवर उभं राहूनच. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी ठेवायची नाही. कमी दारू भरली तर वरची जागा इथले जुने नेमबाज ‘क्रीम ऑफ व्हीट’नं भरतात. म्हणजे आपला रवा. बायकोला आधी सांगून ठेवा.

वंगणाचा भाग आपल्या लोकांना हसवणारा आहे. पेट्रोलियमचं ग्रीस काळ्या दारूच्या काजळीत मिसळलं की डांबरासारखा चिकट थर होतो. म्हणून इथले जुनेजाणते गोळीखाली मेंढ्याची चरबी आणि मेण यांत भिजवलेली नमद्याची चकती ठेवतात. १८५७ चा इतिहास शाळेत शिकलेल्या माणसानं स्वतःच्या स्वयंपाकघरात काडतुसाची चरबी वितळवावी, हा काळाचा सूड. मेणात ऑलिव्ह तेल मिसळूनही उत्तम काम होतं. मी तेच वापरतो.

पहिल्यांदा उडवाल तेव्हा गोळी तुम्ही धरलेल्या जागेच्या बरीच वर लागेल. घाबरू नका, पिस्तूल बिघडलेलं नाही. मागची माशी म्हणजे घोड्याच्या डोक्यावरची खाच, पुढची बुटकी, आणि जुळणी लांबच्या अंतरासाठी केलेली. २५ यार्डांवर सगळ्यांच्याच गोळ्या वर जातात. पुढची माशी उंच बसवून घेता येते, किंवा खाली धरायची सवय लावायची. दोन-तीन सिलिंडर रिकामे झाले की काजळीनं सिलिंडर जड फिरायला लागेल, आणि फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याच्या खाचेत पडून यंत्र अडकेल. नळी लक्ष्याकडे ठेवून चिमट्यानं काढायचा. चांगल्या प्रतीची बदली निपलं बसवली की हा त्रास पुष्कळ कमी होतो. घरी आल्यावर त्याच दिवशी साबण आणि कढत पाणी. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, आणि टेक्सासच्या दमट हवेत उद्या करू म्हटलं तर नळीत गंज दिसतो. मग पूर्ण कोरडं करून तेल.

एवढ्या खटाटोपाचं फळ काय? एक-एक बार भरायला वेळ लागतो म्हणून माणूस घाई सोडतो. दोन तासांत आधुनिक पिस्तुलाच्या दोनशे गोळ्या सहज जातात. इथं पन्नासही खूप झाल्या. धूर, गंधकाचा वास, आणि आवाज कडाडण्याऐवजी घुमणारा. स्पर्धेची आवड असेल तर काउबॉय नेमबाजीच्या ‘सास’ संघटनेत कॅप-अँड-बॉल वापरणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग आहे, ‘फ्रंटियर्समन’ नावाचा. ठासणीच्या शस्त्रांच्या जागतिक स्पर्धांत तर अस्सल आणि प्रतिकृती असे वेगळे वर्गच असतात, म्हणजे प्रतिकृतीवाल्याला कमीपणा नाही.

कायद्याचं. अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार १८९८ किंवा त्याआधीची शस्त्रं आणि त्यांच्या आधुनिक काडतूस न वापरणाऱ्या प्रतिकृती ‘अँटीक’ धरल्या जातात. केंद्राच्या कायद्यात ती ‘फायरआर्म’ नाहीत. एच-१बी किंवा तत्सम व्हिसावर असाल तर हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्या व्हिसावरच्या माणसाला एरवी बंदूक बाळगायला बंदी असते. शिकारीचा परवाना हा नेहमीचा अपवाद. पण दोन गोष्टी सांभाळा. एक, या रिव्हॉल्व्हरांना काडतुसं घेणारा बदली सिलिंडर मिळतो. तो बसवलात की तुमचं ‘अँटीक’ फायरआर्म होतं. व्हिसावर असाल तर त्या वाटेला जाऊ नका. दोन, टेक्सास सैल आहे, सगळी राज्यं तशी नाहीत. उद्या नोकरीसाठी न्यू जर्सीला जायची वेळ आली तर तिथं हीच आर्मी पिस्तूल म्हणून गणली जाते. सामान बांधण्याआधी त्या राज्यातल्या वकिलाला विचारा. घरात लहान मुलं असतील तर कायदा काहीही म्हणो, दोन्ही पिस्तुलं तिजोरीत आणि दारू-टोप्या वेगळ्या कुलपात.

शेवटचा प्रश्न पुण्याचा. नाही, नेता येणार नाहीत. भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूच्या जोरावर गोळी फेकणारं शस्त्र ते शस्त्र. ठासणीचं असलं तरी परवाना लागतो आणि आयातीला वेगळा परवाना. ‘ही तर प्रतिकृती आहे’ हे मुंबई विमानतळावरच्या कस्टम अधिकाऱ्याला सांगायची वेळ स्वतःवर आणू नका. दारू आणि टोप्या तर विमानात कुठल्याच सामानात चालत नाहीत.

आणि हेच तुमच्या पहिल्या प्रश्नालाही लागू होतं. पाच-सात वर्षांनी परतायचं असेल तर नेव्ही तुम्ही कुणासाठी जपताय ते ठरवा. मुलगा किंवा मुलगी इथंच राहणार असेल आणि त्याला किंवा तिला त्यात रस असेल, तर ठेवा. नसेल तर निघण्याच्या घाईत विकू नका. तेव्हा मिळेल त्या भावाला द्यावी लागेल. एक-दोन वर्षं आधी, नंबर जुळणाऱ्या खोक्यासह आणि स्वच्छ फोटोंसह, जुन्या शस्त्रांच्या लिलावगृहाकडे पाठवा. आर्मी मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत उडवा आणि रेंजवर जो कुणी नवा पोरगा तुमच्या धुराकडे टक लावून बघत असेल त्याला, त्याच्या वयाची आणि तिथल्या कायद्याची खात्री करून, माप, चिमटा आणि उरलेल्या चकत्यांसकट स्वस्तात देऊन टाका.